गाडी पूर्ण आली का?

परवापासून माझ्या छोट्या आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर सेलोटेपचा चौकोनी डाग आहे. टेप निघाली, पण निघताना सत्तर वर्षांचा बदामी रंग सोबत घेऊन गेली.

गाडी काकांची. हॉर्न्बी डब्लो, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची. इंजिनाचं नाव ‘डचेस ऑफ माँट्रोज’. काका १९५५ साली विलायतेला ट्रेनिंगला गेले होते, तेव्हाची खरेदी. काका बिनलग्नाचे गेले. वाटणीत दादाला सदाशिव पेठेतल्या खोल्या मिळाल्या, मला ट्रंक. “तुला आवड आहे ना अशा गोष्टींची!” आवड मला सदाशिव पेठेचीही होती, पण ते कुणी विचारलं नाही.

किंमत काढायला एका जाणकाराला फोटो पाठवले. इंजिनाबद्दल अवाक्षर नाही. “खोके आहेत का?” म्हणजे कंपनीचे निळे पुठ्ठ्याचे खोके. ते वहिनीने खोल्या आवरताना रद्दीत घातले होते, किलोच्या भावाने. “मग निदान रंगाला हात लावू नका. काही चिकटवू तर अजिबात नका.”

इंजिन हलत नव्हतं. जुन्या तेलाचा डिंक झाला होता. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. त्यात शिशाची भेसळ झाली असेल तर ती आतून फुगून भेगाळते म्हणतात. भेगा नव्हत्या, म्हणून उत्साहाने बुधवार पेठेतल्या एका मिक्सर-दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने उघडली आणि म्हणाला, “साहेब, हा मिक्सरच की! कार्बन, आर्मेचर, सगळं तेच. फक्त भांडं नाही.”

बाकावर ज्यूसरचं झाकण मांडीवर घेऊन एक आजोबा बसले होते. रेल्वेतून निवृत्त गार्ड. हे त्यांनी न विचारता सांगितलं.

“रूळ तीन कशाला?”

“मधल्यातून करंट येतो. बारा व्होल्ट.”

“बारा?” त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. “पंधराशे डीसीवर नोकरी काढली आम्ही. आता तर पंचवीस हजार एसी. बारावर ही घाट काय चढणार? कर्जतला बँकर लावावे लागतील.”

मी म्हटलं, ही जेवणाच्या टेबलावर चालते.

“टेबलाला चढ किती?”

बँकर म्हणजे घाटात मागून रेटा द्यायला लावतात ती इंजिनं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी ते मला सविस्तर सांगण्यात आलं. मग त्यांची नजर मागच्या डब्याकडे गेली आणि चेहराच पडला.

“पाटी कुठाय?”

“कसली?”

“एलव्हीची! लास्ट व्हेइकल. पाटी दिसली नाही, तर गाडी पूर्ण आली हे स्टेशनमास्तरने ओळखायचं कसं? मागे डबा सुटून दोन स्टेशनांमधल्या सेक्शनमध्ये उभा असेल!”

“आजोबा, ही इंग्लंडची गाडी आहे.”

“मग आपल्याला नियम कोणी शिकवले? डबे किती?”

“तीन.”

“मुळात?”

मी जरा थांबलो. “चार.”

चौथा दादाच्या शोकेसमध्ये आहे. “काकांची आठवण म्हणून एक राहू दे.” आठवणीला तीन खोल्या पुरत नाहीत माणसाला.

“म्हणजे सुटलाच की डबा,” आजोबा म्हणाले, “आणि तुम्ही खुशाल लाइन क्लिअर दिलीत, मागच्या गाडीला वाट मोकळी म्हणून.”

याच्यावर काय बोलणार? मी पैसे द्यायला वळलो. मिक्सरच्याच दराने अडीचशे. तेवढ्यात त्यांनी ज्यूसरच्या वॉरंटी कार्डाचा तुकडा फाडला, बॉलपेनने त्यावर दोन अक्षरं गिरवली आणि दुकानदाराच्या सेलोटेपने माझ्या डब्याला ठोकून बसवला. अंगठ्याने दाबूनसुद्धा! “आता कशी रीतसर गाडी झाली.” दुकानदार हसत होता. टेप त्यानेच पुरवली होती.

रात्री टेबलावर लावली. दोन झटके दिले आणि धावली, तापल्या तेलाचा वास सोडत. सगळ्या खानदानाने हिची किंमत विचारली होती. चालते का, हे एकानेही नाही. व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तर दोन मिनिटांत दादाचा फोन.

“विकलीस तर सांग हं. काकांचं आहे, सगळ्यांचाच हक्क.”

“बरं. आणि खोल्या विकल्यास तर?”

तेवढ्यात त्याची रेंज गेली. सदाशिव पेठेत रेंज उत्तम असते.