आगीचं स्मारक झालं, बिलाचं कधी होणार?

नोव्हेंबर आला की जर्मनीतल्या जळणाऱ्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांचे फोटो टाइमलाइनवर फिरायला लागतात. नाझींनी ती नोव्हेंबर १९३८ मध्ये पेटवली होती. ज्वाळा, कोसळणारा घुमट, रस्त्यावर बघ्यांची गर्दी. फोटो खरे आहेत आणि बघायलाच हवेत. पण ते बघून डोक्यात एवढंच पक्कं बसतं की एका रात्री जमाव पिसाळला, जाळपोळ झाली आणि सकाळी सगळं संपलं. मला त्या सकाळनंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पाडकामाचे पैसे कोणी भरले? राडारोडा कुठे गेला? जागा कोणाच्या नावावर चढली?

म्युनिकचंच घ्या. कार्लस्प्लात्झ चौकाच्या गर्दीतून बाजूच्या हेर्त्सोग-माक्स रस्त्यावर वळलं की १९६९ साली बसवलेली एक दगडी शिळा दिसते. इथे शहराचं मुख्य सिनेगॉग होतं, १८८७ साली बांधलेलं. अनेकांना वाटतं की तेही नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्रीच जळालं. छे! ते त्याआधी पाच महिने, जूनमध्येच पाडलं. हिटलरचा हुकूम आला तेव्हा ज्यू समाजाच्या हातात जेमतेम काही तास होते. संध्याकाळी शेवटची प्रार्थना झाली आणि ९ जूनला पाडकाम सुरू. कारण काय दिलं? पार्किंग. जुलैत शहरात ‘जर्मन कले’चा उत्सव होता, पाहुणे यायच्या आत जागा साफ हवी होती. जमाव नाही, दगडफेक नाही. कंत्राटदार कंपनी आली आणि दिवसाढवळ्या, रीतसर काम करून गेली.

पुढचं ऐका. तो राडारोडा वर्षानुवर्षं कंपनीच्या आवारात पडून होता. १९५६ च्या सुमारास, म्हणजे हिटलर मरून दहा-अकरा वर्षं झाल्यावर, इसार नदीवरच्या एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीत तो भराव म्हणून टाकला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्याचं काम निघालं आणि पाण्यातून कोरीव खांबांचे तुकडे वर यायला लागले. त्यातच दहा आज्ञांच्या दगडी पाटीचा एक मोठा तुकडा, त्यावर हिब्रू अक्षरं अजून वाचता येत होती. ८५ वर्षं शहराला पत्ता नाही! १९५६ मध्ये ते दगड ट्रकमध्ये भरणाऱ्यांना ती अक्षरं दिसली नसतील, हे मला तरी पटत नाही.

आता नोव्हेंबरच्या रात्रीकडे. ९ आणि १० नोव्हेंबरला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि सुडेटेनलँड या जर्मनीने नुकत्याच गिळलेल्या चेक प्रदेशात मिळून १,४०० हून जास्त सिनेगॉग आणि प्रार्थनागृहं जाळली किंवा मोडली. त्या रात्रीलाही कारकुनी होतीच. नाझी पोलीसप्रमुख हायड्रिशच्या तारेत स्पष्ट लिहिलेलं होतं की शेजारच्या इमारतींना धोका नसेल तरच आग लावा. अग्निशमन दल बंब घेऊन हजर होतं, पण शेजाऱ्यांची छपरं भिजवायला. १२ तारखेला हिटलरचा मंत्री ग्योरिंगने बैठक घेतली आणि हिशोब पुरा केला. ज्यूंवर एक अब्ज राइशमार्कचा (तेव्हाचं जर्मन चलन) दंड, विम्याचे पैसे सरकारजमा आणि फुटलेल्या दुकानांची दुरुस्ती दुकानदारांनी स्वतःच्या खर्चाने करायची. ज्याचं जळलं त्यालाच बिल.

ड्रेस्डेनमध्ये हे अगदी शब्दशः झालं. तिथलं १८४० चं सिनेगॉग गोटफ्रीड झेम्पर या वास्तुविशारदाने बांधलेलं. हो, ज्याच्या ऑपेरासमोर आज टूरवाले सेल्फी काढतात, तोच झेम्पर. जळून उरलेल्या भिंती पाडल्या त्याचा खर्च ज्यू समाजाकडूनच वसूल केला. वर त्या पाडकामाची फिल्मही काढली, इमारत कशी पाडावी हे शिकवायला! आल्फ्रेड नॉयगेबाउअर नावाच्या अग्निशमन जवानाने मात्र सिनेगॉगवरचा डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं सहा टोकांचं चिन्ह, लपवून ठेवला आणि १९४९ मध्ये परत केला. २००१ साली तिथे नवं सिनेगॉग उभं राहिलं, त्याच्या दारावर आज तो तारा आहे. नॉयगेबाउअरबद्दल आदरच आहे. पण त्याचं नाव प्रत्येक गाइड सांगतो. पाडकामाचं बिल टाइप करणाऱ्याचं कोणी सांगत नाही.

लाइपझिगच्या गोटशेड रस्त्यावरचं स्मारक अनेकांच्या आवडीचं आहे, माझ्याही. जुन्या सिनेगॉगच्या जागेवर ब्राँझच्या १४० रिकाम्या खुर्च्या, ओळीत. त्यांच्यावर बसताही येतं. माणसं नाहीत हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. तरी माझी तक्रार आहे. गेलेल्यांची जागा दिसते, पण त्यांना घालवणारी यंत्रणा दिसत नाही. बघणारा गलबलतो, हळवा होतो आणि कॉफी प्यायला जातो. त्याच्या आजोबांच्या वेळी नगरपालिकेतल्या कोणत्या खात्याने कोणत्या कागदावर सही केली, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. खुर्च्यांच्या शेजारी त्या कागदांच्या नकला लावल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मध्येच एक खुलासा, कारण कोणीतरी हे विचारणारच. आपल्याकडे पनवेल, अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग उभी आहेत. तिथली वर्दळ कमी झाली ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी बहुसंख्येने इस्रायलला गेली म्हणून, कोणी हाकललं म्हणून नव्हे. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका, प्लीज.

या सगळ्यात हँबर्ग मला सर्वात अवघड वाटतं. बोर्नप्लात्झवरचं १९०६ चं भव्य सिनेगॉग नोव्हेंबरमध्ये उद्ध्वस्त केलं, १९३९ मध्ये ज्यू समाजाला जागा शहराला विकायला लावली आणि पाडकामही त्यांच्याच माथी मारलं. युद्धानंतर तिथे काय झालं? विद्यापीठाचं पार्किंग! १९८८ मध्ये मार्गरिट काल या कलाकर्तीने त्या मोकळ्या चौकात गडद दगडांनी जुन्या छताच्या रेषा जमिनीवर उमटवल्या. वरचं छत पायाखाली आलं. अप्रतिम कल्पना आहे.

आणि आता तिथेच पुन्हा सिनेगॉग बांधायचं ठरलंय. विरोध करणाऱ्यांमध्ये ज्यू इतिहासकारही आहेत. त्यांचं म्हणणं, जागा भरली की जखम झाकली जाईल, जणू काही घडलंच नव्हतं. मुद्दा वजनदार आहे. पण माझा कौल बांधण्याच्या बाजूने. रिकामी जागा जपण्याची हौस बऱ्याचदा ज्यांचं काही गेलं नाही त्यांनाच असते. शहरात आज ज्यू माणसं राहतात, त्यांना प्रार्थनेला जागा हवी आहे, आणि हा चौक त्यांच्याकडून घेतलेला आहे. मार्गरिट काल यांच्या त्या दगडी मोझेकचं काय करायचं, हेही त्यांनीच ठरवावं.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, कारण तो निघतोच. जर्मन संसदेने २०२० मध्ये हँबर्गच्या या सिनेगॉगसाठी साडेसहा कोटी युरो मंजूर केले, त्यावर ‘करदात्यांचा पैसा कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. १९३९ साली पाडकामाचा खर्च ज्यांच्याकडून वसूल केला, ते त्याच शहराचे करदाते होते.