शॉकप घेताय? आधी माल सांगा

आमचं घोडबंदर रोडला क्रॉकरीचं दुकान, त्यामुळे पिकअपचे मागचे शॉकप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, गेलेत हे मला मेकॅनिकच्या आधी कपांनी सांगितलं. तुर्भ्याहून माल भरायचा, ठाणे-बेलापूर रोडने यायचं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडी एकदा आपटली की दुकानात खोके उघडताना कप वेगळे आणि कान वेगळे. बिनकानाच्या कपाला ठाण्यात गिऱ्हाईक नाही हो.

मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, शॉकपच्या अंगावरून तेल ओघळलेलं, टायर लाटालाटांनी झिजलेले. म्हणाला, साहेब, जोडीनेच बदला, आणि बुशपण घाला नवीन.

पार्टवाल्याकडे गेलो. ‘साधे देऊ, गॅसचे देऊ का हेवी ड्युटी?’

‘स्मूथ चालली पाहिजे.’

‘माल किती भरता?’

‘जाताना रिकामी, येताना फुल.’

‘मग जातानाचे देऊ का येतानाचे?’

आता याला काय उत्तर द्यायचं! बरोबर मामा होते, ते लगेच म्हणाले हेवी ड्युटीच घे, चांगलं वजन उचलेल. आता वजन उचलतात पाटे, म्हणजे खालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, शॉकपचं काम एवढंच की पाटा एकदा दबून सुटला की त्याला परत परत नाचू द्यायचं नाही, हे मी मामांना काउंटरवरच समजावलं आणि मामांनी नेहमीप्रमाणे पार्टवाल्याकडे बघून मान हलवली. खरी गोची पाट्यांचीच आहे, ते बनवलेत टनाच्या वर मालासाठी, रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, त्यात टायरला हवा पण फुल लोडची, मग प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. त्यावर कडक शॉकप घातले की संपलंच. साध्या शॉकपात खराब रस्त्यावर तेल तापतं, फेसाळतं आणि मग तो नुसता शोभेला उरतो, गॅसवाल्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो म्हणून फेस कमी. शेवटी गॅसचेच घेतले पण कंपनीच्या मापाचे, हेवी ड्युटी नाही. मामा गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत.

कप आता कानासकट येतात. रिकामी गाडी मात्र अजून जरा उडतेच. मेकॅनिकला विचारलं तर म्हणे हौद्यात वाळूच्या चार गोण्या टाकून ठेवा, वजन असलं की मऊ चालते. म्हणजे मऊ बसायला मिळावं म्हणून मी डिझेल जाळून वाळू फिरवू? मामांना मात्र हे इतकं पटलं की आता जाताना गाडी रिकामी म्हणून निघतच नाही, ऐरोलीच्या मावशीचं कपाट, घणसोलीच्या भाच्याचा फ्रीज, कोपरखैरण्याला कोणाचा तरी सोफा, आणि भाड्याचं नाव काढलं की म्हणतात, भाडं कसलं मागतोस, त्यांच्यामुळे तुझी गाडी मऊ चालतेय.