काळ्या पट्ट्या म्हणजे मायनर? नाही
मेजर आणि मायनर हे पाश्चात्य संगीतातल्या स्केलचे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक मालिकेचे, दोन प्रकार. संगीताच्या कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्या मेजर आणि काळ्या मायनर, असा एक दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. स्केल मेजर ठरतं ते स्वरांमधल्या अंतरांवरून: पूर्ण, पूर्ण, अर्धं, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धं. (काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर अर्धं; पूर्ण म्हणजे त्याच्या दुप्पट.) सी या स्वरापासून हा क्रम लावला की सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात, गोंधळाचं मूळ बहुधा इथेच. जीपासून लावा, एफ शार्प (एफच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी) घ्यावाच लागतो. एफ शार्पपासून सुरू होणाऱ्या मेजरमध्ये तर सप्तकातल्या पाचही काळ्या पट्ट्या लागतात, तरी ते मेजरच! उलट एपासूनचं नॅचरल मायनर (मायनरचं मूळ रूप) पूर्णपणे पांढऱ्यांवर वाजतं. हार्मोनियमवर कोणत्याही पट्टीला सा मानून बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर वाजवले, तरी मेजर स्केलच मिळतं.