जीन तोच, गोळी तीच, तरी गुण वेगळा

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘कर्करोग कुठल्या अवयवाचा हे बघू नका, जीनचा रिपोर्ट बघा. बीआरएएफ व्ही६००ई निघाला की त्यावरची गोळी सगळीकडे सारखीच चालते. प्रयोगशाळेत कणभर पुरते, तशी शरीरातही पुरेल. चांगल्या पेशींना धक्काही लागत नाही.’ बीआरएएफ व्ही६००ई म्हणजे बीआरएएफ या जीनमधला एक ठरावीक बदल. आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेली माझी एक जुनी विद्यार्थिनी हा मजकूर वाचून ‘सर, ही गोळी सुरू करायला सांगू का?’ असं विचारत होती. म्हणून हे लिहितोय.

आधी ‘कणभर पुरते’. वेमुराफेनिब ही त्यावरची गोळी बीआरएएफ जीनपासून बनणाऱ्या एन्झाइमच्या ज्या खाचेत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसतो तिथेच शिरते. जागा एक, दावेदार दोन. परीक्षानळीत एटीपी आपण हाताने घालतो, पुष्कळदा १० मायक्रोमोलरच्या आसपास. पेशीत तो १ ते ५ मिलिमोलर, म्हणजे शेकडो पट. त्या गर्दीत जागा पटकवायला औषध जास्त लागतं. नळीतल्या आकड्यावरून दोन औषधांची एकाच परिस्थितीत तुलना होते, रुग्णाची मात्रा ठरत नाही.

‘सगळीकडे सारखीच’ हा दावा सर्वांत घातक. २०११ मध्ये अमेरिकेत ही गोळी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर झाली, तेव्हाच्या चाचणीत जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या होत्या. तोच बदल असलेल्या आतड्याच्या कर्करोगात मात्र २१ जणांपैकी एकालाच तसा गुण आला. २०१२ मध्ये नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी कारण दाखवलं: बीआरएएफ दाबला की ईजीएफआर या रिसेप्टरवरचा (पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावरचा) लगाम सुटतो आणि वाढीचा निरोप दुसऱ्या वाटेने पुढे जातो. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर सहसा फार कमी, आतड्याच्या पेशींवर भरपूर. औषध आपल्या जागी नीट बसलेलं असतं, पेशीच वळसा घेते.

चांगल्या पेशींचं म्हणाल, तर रॅफ एन्झाइम (बीआरएएफ त्यांतलाच एक) जोडीने काम करतात. ज्या पेशीत बीआरएएफ शाबूत आणि रॅफला चालना देणारा रास आधीच चेतलेला, तिथे एकावर गोळी बसली की जोडीदार उलट जोमाने चालू लागतो. त्यातून काही रुग्णांच्या त्वचेवर नवा, वेगळाच कर्करोग उगवतो. त्वचा नियमित तपासतात ती यासाठीच.

आतड्याच्या या कर्करोगात आधी उपचार झालेल्यांसाठी अमेरिकेत २०२० मध्ये एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही जोडी मंजूर झाली. पहिलं बीआरएएफ अडवतं, दुसरं ईजीएफआर. तिला मी सांगितलं, डॉक्टरांना एकट्या गोळीबद्दल नको, या जोडीबद्दल विचार.