तोंड सांभाळून ऐकणे

एखाद्याला एखादं गाणं आवडलं तर आपलं काही बिघडत नाही. ते आपल्यालाही आवडलंच पाहिजे असं त्याला वाटायला लागलं, की बिघडायला सुरुवात होते. गाणं एकटंदुकटं असेल तर चार मिनिटांत सुटका तरी होते. पण प्रकरण अख्ख्या अल्बमचं असेल, आणि अल्बम प्रयोगशील इंडी रॉकचा (म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून लांब राहून केलेल्या रॉक संगीताचा) असेल, तर माणूस स्वतःच्याच घरात चाळीस मिनिटं ओलीस राहतो.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आजोळी, म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या गावात येतो. तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते, वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागे भाव वाढवून मागतात, आणि माझ्यासारखा शाळामास्तरही सुट्टीत कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत उभा असतो. अशा दिवसांत हा मुलगा यंदा एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक अल्बम घेऊन उतरला. फराळाला हात लावायच्या आधी म्हणाला, "मामाजी, तुम्हाला एक ऐकवायचंय. पण असं नाही. नीट बसून."

'नीट बसून' म्हणजे काय ते मला नंतर कळलं. मोबाइल उलटा ठेवायचा. मध्ये बोलायचं नाही. गाणी ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ऐकायची, मधलं एखादं गाळलं तर पाप. मध्येच उठलात तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यांदा ऐकून आवडला नाही तर दोष अल्बमचा नसतो, कारण तो 'दुसऱ्यांदा ऐकल्यावर उघडतो'. या शेवटच्या कलमामुळे या खटल्यात आरोपी कधी सुटत नाही.

तर अल्बम असा. अमेरिकेत न्यूट्रल मिल्क हॉटेल नावाचा बँड होता. (या नावावर करता येण्यासारखे सगळे विनोद गावच्या पानठेल्यावर पहिल्याच संध्याकाळी करून झालेत, ते इथे देत नाही.) लुइझियाना राज्यातल्या रस्टन नावाच्या लहानशा गावात त्याची सुरुवात झाली, म्होरक्या जेफ मँगम. 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा त्यांचा अल्बम डेन्व्हरला रेकॉर्ड झाला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये मर्ज रेकॉर्ड्स या कंपनीनं बाजारात आणला. तेव्हा माझ्या भाच्याचा जन्म व्हायला बराच अवकाश होता, पण सांगताना तो 'आम्ही तेव्हा' म्हणायचाच काय तो बाकी राहतो. पिचफोर्क नावाचं संगीतसमीक्षेचं संकेतस्थळ आहे, त्यानं या अल्बमला 1998 मध्ये 10 पैकी 8.7 गुण दिले होते. 2005 मध्ये तोच अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्यांनीच 10 पैकी 10 दिले. पेपर तोच, विद्यार्थी तोच, फक्त तपासणारा बदलला. मी मास्तर असल्यामुळे अल्बममधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा ही गोष्ट मला लवकर समजली.

आता ऐकण्याबद्दल. संगीताचा मला त्रास झाला असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात माणूस लहानपणापासून रात्र-रात्र खंजिरीभजनाला बसलेला असतो, चाळीस मिनिटांचं त्याला काय कौतुक! पण भजनात सोय असते. मध्येच चहा येतो. बाजूच्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलता येतं. डुलकी लागली तर लोक म्हणतात, समाधी लागली. आणि मुख्य म्हणजे गाणारा डोळे मिटून गातो, तुमच्याकडे बघत नाही.

इथे भाचा बघत होता. स्पीकरकडे नाही, माझ्याकडे. पीकविम्याचा माणूस बोंड उलगडून उलगडून बघतो तसा तो माझ्या तोंडाचा पंचनामा करत होता. हा अल्बम त्यानं इतक्यांदा ऐकला होता की त्याला आता तो ऐकायची गरजच उरली नव्हती. तो ऐकत होता माझं तोंड. त्यामुळे चाळीस मिनिटं मला तेवढं एकच काम होतं, तोंड चालू ठेवणं. मी डोळे मिटले, तर "मामाजी, झोपलात का?" मी पायानं ठेका धरला, तर पुढच्याच मिनिटाला ठेका थांबला आणि माझा पाय एकटाच वाजत राहिला. एके ठिकाणी मी मान हलवून "वा" म्हणालो, तर तो म्हणाला, "अहो, अजून यायचंय ते." मग ते आलं असावं, कारण त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. मी तेव्हा नेमका दारातल्या शेळीकडे बघत होतो.

शेवटी "कसं वाटलं?" हा प्रश्न आला. "छान आहे" म्हणालो. त्याचं तोंड पडलं. "छान? नुसतं छान?" बायको आतून ऐकत होती, ती म्हणाली, "वेगळंच आहे बाई." हे उत्तर बरंच टिकाऊ निघालं, संध्याकाळपर्यंत पुरलं. संध्याकाळी त्यानं विचारलं, "मामी, वेगळं म्हणजे नेमकं कसं?" तेव्हा तिचं दूध उतू जायला लागलं. त्या सुट्टीत आमच्याकडे जेवढं दूध उतू गेलं तेवढं आमची म्हैस देत नाही.

घरात खरी श्रोती निघाली ती माझी आई. या अल्बमात ज्युलियन कॉस्टर नावाचा एकजण करवत वाजवतो. लाकूड कापायची करवतच, पण तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवायचा. मुठीकडची बाजू गुडघ्यांत धरायची, दुसऱ्या हातानं टोक वाकवायचं, पातं नागमोडी झालं पाहिजे. जितकं वाकवाल तितका सूर वर चढतो. आवाज असा निघतो की अंगावर काटा यावा. आई ओसरीत वाती वळत बसली होती. करवत सुरू झाली तशी तिनं हातातलं ठेवलं आणि मला हाक मारली, "अरे, नाथबुवा आला वाटते दारावर. सुपात जवारी घेऊन ये." पूर्वी आमच्याकडे नाथजोगी गजानं वाजवायची किंगरी घेऊन यायचे, आता कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. भाचा आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. आजीला कळलं! त्यानं ते गाणं पुन्हा लावलं. आई पुन्हा म्हणाली, "दोघं हायेत का रे?"

मग तिनं विचारलं, "हा पोरगा गाऊन राह्यला का रडून राह्यला?" भाच्यानं तिच्याजवळ बसून सांगितलं, की याच्या हाती अ‍ॅन फ्रँक नावाच्या मुलीची डायरी पडली होती. ज्यू मुलगी, हिटलरच्या माणसांपासून घरच्यांबरोबर लपून राहिली होती, पकडली गेली आणि 1945 साली छळछावणीत वारली, पंधरा वर्षांची. ती डायरी वाचून हा हादरला आणि त्यातून या अल्बममधली बरीचशी गाणी आली. आई म्हणाली, "मंग वरडन नाई तं काय करन." इतकी नेमकी समीक्षा त्या पिचफोर्कवाल्यांनीही केली नसावी. मुखपृष्ठावरची बाई मात्र तिला पटली नाही. जुन्या पोस्टकार्डावरून केलेलं चित्र आहे ते, बाईच्या तोंडाच्या जागी वाद्याचं कातडं लावलेलं. आईनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या तुकडोजी महाराजांच्या फोटोकडे पाहिलं. "खंजिरी हातात धराची असते," म्हणाली, "तोंडावर कायले लावली?"

घर जिंकल्यावर भाच्यानं मोर्चा पानठेल्याकडे वळवला. आमचा पानठेला म्हणजे गावची संसद, तिथे खर्रा घोटता घोटता सगळे ठराव मंजूर होतात. प्लास्टिकच्या कागदावर सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून ठेलेवाला तो कागद लाकडी पाटीवर दोन्ही तळव्यांनी रगडतो, सर्र सर्र आवाज येत राहतो. भाच्यानं स्पीकर काउंटरवर ठेवला. एक जोरकस गाणं लागलं, ज्यात गिटार आणि बेसचे आवाज मुद्दाम फाडलेले आहेत. बाजूच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं मान वर केली. "भाऊ, स्पीकरचा कोन फाटला तुमचा."

"नाही, तो आवाज मुद्दाम तसा केलाय."

"मुद्दाम फाडला? मंग वारंटीत नाई बसत."

त्यानं स्पीकर हातात घेतला, कानाशी धरला, नखानं जाळी वाजवून पाहिली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. भाच्यानं स्पीकर अक्षरशः हिसकावून घेतला. मग सुरू झालं ते एक शब्दही नसलेलं गाणं, निव्वळ बँडपार्टीचं पितळ. ठेलेवाल्याचे तळवे थांबले. "हे वरातीचं हाय का मयतीचं?" यावर दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

आठ मिनिटांच्या वरचं एक गाणं आहे, एका दमात गायलेलं. ते संपतं तेव्हा मागून कुणीतरी चकित होऊन ओरडल्याचं ऐकू येतं, आणि रेकॉर्डात ते तसंच ठेवलंय. याचं भाच्याला फार अप्रूप. त्यावर आमच्या भजनमंडळाचा पेटीवाला शांतपणे म्हणाला, "आमच्या कॅसेटीत कुत्रं भुंकलेलं हाय. आमी बी काढलं नाई." भाच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. वादात हरतोय असं दिसलं तसा तो दुसऱ्या अल्बमांची कुमक मागवायला लागला. 1991 चा 'लव्हलेस', जो करायला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडनं दोन वर्षं घेतली आणि 19 स्टुडिओ बदलले. पेटीवाल्यानं गावाबाहेरच्या रखडलेल्या पुलाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ठेकेदार एकच का? मग रेडिओहेडचा 2000 सालचा 'किड ए', ज्यातलं एकही गाणं त्यांनी जाहिरातीसाठी वेगळं काढून विकलं नाही, तरी तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ठेलेवाला म्हणाला, "सुटं नाई विकत, पुडाच घ्या लागते. मी बी तेच करतो."

पण एका गोष्टीनं ठेला जिंकला. भाचा सहज म्हणाला, की एवढं नाव होत असताना हा जेफ मँगम 1998 नंतर जवळजवळ दिसेनासाच झाला. मुलाखती जवळजवळ नाहीत, बँडचा नवा अल्बम नाही. बऱ्याच वर्षांनी, 2013 ते 2015 मध्ये, त्यांनी पुन्हा दौरे केले, पण नवा अल्बम आजतागायत नाही. ठेल्यावर एकदम आदर पसरला. आमच्याकडे कलाकार बिघडतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण वैराग्य आलेला कलाकार म्हणजे वेगळं प्रकरण. "म्हन्जे सोडून देल्लं त्यानं सारं?" ठेलेवाल्यानं विचारलं आणि स्पीकरसाठी काउंटरवरची बडीशेपेची बरणी सरकवून जागा केली. त्या दिवसापासून संध्याकाळी वेचणीहून परत येणाऱ्या बाया ठेल्यापाशी डोक्यावरचं गाठोडं सावरत विचारायच्या, "लागला का तो बावाजी?"

भाचा सुट्टी संपवून ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेला. मी सुटलो म्हणालो. बायकोनं मोठं पातेलं धुऊन वर ठेवलं.

पण ठेल्यावरच्या त्या सगळ्या चर्चांत एक माणूस कोपऱ्यात बसून फक्त ऐकत होता, तो आमचा सुतार. दारं-चौकटी, बंडीची चाकं, जे काय लाकडाचं असेल ते त्याच्याकडे. पहिल्या दिवशी त्याला राग आला होता. करवत वाकवली की पात्याची धाव जाते, मग ती सरळ कापत नाही, हे तो दोनदा बोलला आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं भाच्याला एवढंच विचारलं, की गजाला केस कशाचे लागतात. भाचा म्हणाला, घोड्याच्या शेपटीचे, आणि त्यांना राळ चोळावी लागते. पुढे वरातीचा घोडेवाला चार गावं सांगत फिरत होता, की कोणीतरी त्याच्या घोड्याची शेपटी अर्धी केली. किराणा दुकानदाराकडची धुपाची राळही संपली. या दोन बातम्या मी वेगवेगळ्या ऐकल्या आणि सोडून दिल्या.

परवा सुतारानं मला घरी बोलावलं. मला वाटलं, शाळेच्या बाकांचं काही असेल. आत नेऊन त्यानं मला पाटावर बसवलं, दार लोटलं, माझा मोबाइल माझ्या हातातून घेऊन उलटा ठेवला. मग जुनी करवत गुडघ्यांत धरली, टोक वाकवलं आणि बांबूचा गज लावला. आधी नुसतंच खरखरलं. मग एक सूर निघाला, डगमगला, कुठेतरी वर गेला, आणि मागच्या अंगणातलं कुत्रं त्याच्या बरोबरीनं रडायला लागलं. सुतार करवतीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी डोळे मिटून मान हलवली. "वा," म्हणालो.

"मास्तर, अजून यायचंच हाय ते."

मी म्हटलं, बाबा, मला जरा घरी जायला पाहिजे, दूध ठेवलंय गॅसवर.

"वैनी आताच नळावर भेटल्या," तो गजाला राळ चोळत म्हणाला, "दूध तापून थंड बी झालं मने. बसा. मधात उठलं का सुरूपासून ऐका लागते."