ग्लूट-वन, गूळ आणि एक फॉरवर्ड

गेले काही दिवस आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, अगदी द्राक्ष औषधांच्या ग्रुपवरसुद्धा एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत ‘ग्लूट-वन’ नावाचं साखर ओढणारं प्रोटीन असतं. ते पॉझिटिव्ह आलं की पेशंट वर्षभर काढत नाही, तेव्हा ऑपरेशनवर पैसा घालवू नका. साखर, गूळ, भात बंद करा, गाठ उपाशी मरते. या शोधाला नोबेल मिळालंय, पण डॉक्टर लोक दडवतात.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ब्लॉक कापतो. डॉक्टर नाही, टेक्निशियन. हा मेसेज मी एरवी डिलीट करून टाकला असता. पण मागच्या आठवड्यात कवठेमहांकाळकडचा एक पोरगा लॅबच्या खिडकीशी आला. वडिलांच्या डाव्या गालात आतून गाठ, मावा धरायची तीच जागा. बायोप्सीत कॅन्सर निघालेला, ऑपरेशनची तारीख मिळालेली. त्यानं फोन पुढं केला, “दादा, तेवढं ग्लूटचं करून द्या की. निगेटिव्ह आलं तरच ऑपरेशन करू म्हणतीया आई.” आण्णांची साखर, भात, भाकरी बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. वजन अठ्ठावन्नचं त्रेपन्न.

तर आधी त्या प्रोटीनचंच बघू. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर उचलायचे. त्यावर त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी घालायची. जिथं प्रोटीन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. ग्लूट-वनचा डाग नीट बसला की नाही हे मी कशावरून ओळखतो? शेजारच्या रक्तवाहिनीतल्या तांबड्या पेशींवरून. त्या तपकिरी झाल्या नाहीत तर डाग फुकट गेला, पुन्हा करा. म्हणजे तुमच्या-माझ्या निरोगी रक्तातल्या प्रत्येक तांबड्या पेशीवर हे प्रोटीन ठासून भरलेलं असतं. ग्लुकोज आत घ्यायचं ते दार आहे, एवढंच. आणखी गंमत म्हणजे तान्ह्या बाळांच्या अंगावर लालभडक फुगवटा येतो, हिमँजिओमा, तो ओळखायला हाच डाग वापरतात. तो पॉझिटिव्ह येतो, आणि बहुतेक बाळांत ती गाठ काही वर्षांत आपली आपण विरते. ‘पॉझिटिव्ह म्हणजे मरण’ हे त्या बाळांच्या आयांना जाऊन सांगा.

आता मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगायला हवं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये ग्लूट-वनचा डाग गडद असलेल्या गटाचं आयुर्मान सरासरीनं कमी निघतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पेशीतलं लॅक्टिक आम्ल बाहेर फेकणारं एमसीटी-4 नावाचं प्रोटीन आहे, त्याचंही तसंच. पण हा हिशोब गटाचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि तालुक्यातल्या निम्म्या द्राक्षबागा डाऊनी रोगानं गेल्या, म्हणून कोणी आपली बाग न बघता कुऱ्हाड घेऊन जात नाही. आपल्या बागेचा घड आपण स्वतः उलटून बघतो.

शिवाय हा डाग तसा लबाड आहे. गाठीत जिथं प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी हे दार जास्त उघडतात. त्यामुळं मोठ्या गाठीच्या पोटात गडद आणि कडेला फिका असा प्रकार नेहमीचा. बायोप्सीत डॉक्टरांचा चिमटा कुठं पडला त्यावर उत्तर बदलू शकतं. ‘पॉझिटिव्ह’ कशाला म्हणायचं, याचीही सगळ्यांची एक रेघ नाही. कोणी दहा टक्के पेशींवर धरतं, कोणी पन्नासवर. आणि गाठ मोठी म्हणून डाग गडद, का डाग गडद म्हणून आजार वाईट, हे सोडवणं सोपं नसतं. असल्या मार्करच्या, म्हणजे आजाराचा अंदाज देणाऱ्या खुणेच्या, अभ्यासात काय काय उघड सांगितलंच पाहिजे, याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली 2005 साली मुद्दाम करावी लागली, ती यासाठीच.

ऑपरेशनचं ठरतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. गाठ किती खोल गेली, मिलिमीटरमध्ये: पाचपर्यंत, पाच ते दहा, दहाच्या पुढं. मानेतल्या किती लसीका गाठींत (लिम्फ नोड) कॅन्सर पोचला, त्या लसीका गाठीचं कवच फोडून बाहेर आला का, आणि कापल्यावर कडा साफ निघाल्या का. ही खोली आणि कवचाची गोष्ट स्टेजिंगच्या, म्हणजे कॅन्सरचा टप्पा ठरवायच्या नियमांच्या, आठव्या आवृत्तीत आली, ग्लूट-वन आलं नाही. प्रोटीनच बघायचं तर घशाच्या, म्हणजे टॉन्सिल-जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पी-16 बघतात, त्यानं स्टेजसुद्धा बदलते. पण ते चयापचयाचं प्रोटीन नव्हे, आणि गालाच्या कॅन्सरला ते लागू नाही.

‘ऑपरेशन करू नका’ याचं उत्तर तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनंच दिलंय. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात, मानेत हाताला काही लागत नाही, असे पेशंट. निम्म्यांच्या मानेतल्या लसीका गाठी तोंडाच्या ऑपरेशनसोबतच काढल्या, निम्म्यांच्या पुढं मानेत कॅन्सर दिसला तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के जिवंत, दुसऱ्यात 67.5. हे 2015 साली छापून आलं. नुसतं मानेचं ऑपरेशन आत्ता का नंतर, एवढ्यावर साडेबारा टक्क्यांचा फरक.

साखरेचा मुद्दा सगळ्यात चिवट. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून ‘मग आम्ही सगळे कसे जिवंत?’ असं आमचा एक सहकारी म्हणतो. तो युक्तिवाद मी करणार नाही, तो मेसेजइतकाच पोकळ आहे. गाठ ग्लुकोज जास्त ओढते हे खरंच आहे. पेट स्कॅन त्यावरच चालतो: ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते जिथं जास्त ओढलं जातं ती जागा चमकते. पण स्कॅनच्या आधी पेशंटला सहाएक तास उपाशी ठेवतात, आणि गाठ तरीही चमकते. उपाशीपोटी इन्सुलिन कमी असतं, स्नायू ग्लुकोज कमी ओढतात; गाठ आपली ओढतच राहते. ताटातली साखर काढली तरी रक्तातली शून्य होत नाही, कारण यकृत ती बनवतं. आधी साठ्यातून, मग स्नायूंची प्रथिनं मोडून. मेंदूला एकट्याला दिवसाला सव्वाशे-एक ग्रॅम ग्लुकोज लागतं, ते कुठून तरी आणावंच लागतं. वर गाठ ग्लुटामिनसारखी दुसरी इंधनंही वापरते. म्हणजे उपाशी राहिली ती गाठ नव्हे, आण्णांच्या मांड्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधीच चावता येत नाही, पुढं रेडिएशननं तोंड सोलून निघतं. वजन घटलेल्या पेशंटला जखम भरायलाही जड जातं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायची, ते वेगळं.

नोबेल? जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्गला 1931 साली मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी. गाठी प्राणवायू असूनही ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात हे त्यानंच दाखवलं, पण पारितोषिक त्यासाठी नव्हतं आणि पथ्यासाठी तर नव्हतंच.

‘दडवतात’ म्हणणाऱ्यांना 2021 मधली कोविडची 2-डीजीची पुडी आठवत असेल. ते ग्लुकोजसारखं दिसणारं, पण पेशीला जाळता न येणारं रसायन. दिल्लीच्या इन्मास संस्थेनं ते कितीतरी आधी मेंदूच्या गाठींवर रेडिएशनच्या जोडीला वापरून पाहिलं होतं. गाठीचं ग्लुकोज तोडायचा प्रयत्न उघड्यावर झालाय. कॅन्सरचं नेहमीचं औषध मात्र ते झालं नाही.

पोराला मी ग्लूट-वन करून दिलं नाही. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी त्याला आत बसवून रिपोर्ट वाचून दाखवला, आणि ऑपरेशनची तारीख हलवू नका म्हणून सर्जनशी फोनवर बोलल्या. बाहेर आल्यावर त्यानं तिथंच जिन्यात घरी फोन लावला, “आई, आण्णांना शिरा कर. पातळ कर, गिळाय यील असा.”

“तूप घाल म्हणावं,” मी खिडकीतनं म्हणालो.