कडुनिंब, हळद आणि चाळीस दिवस : एका व्हायरल दाव्याचा प्रतिवाद

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी अमृतसर येथे घेतलेल्या पत्रकार परिषदेत माजी क्रिकेटपटू आणि काँग्रेसचे नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नी, माजी आमदार डॉ. नवज्योत कौर, या चौथ्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झाल्याचे सांगितले आणि या यशाचे मोठे श्रेय आहाराला दिले. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, तुळस, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. साखर आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद. संध्याकाळी लवकर जेवून दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत उपवास, असा तो आहार होता. त्या परिषदेची चित्रफीत देशभर पोहोचली, आणि मराठीत फिरू लागेपर्यंत तिच्यातले शस्त्रक्रियेचे व औषधोपचाराचे उल्लेख गळून गेले. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला मजकूर असा होता : ‘साखर आणि दूध बंद केले की कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. हळद आणि कडुनिंब उरलेल्या पेशी मारतात. ४० दिवसांत चौथ्या स्टेजचा कॅन्सर बरा. लाखो रुपयांच्या किमोची गरज नाही. डॉक्टर हे सांगणार नाहीत. करून पाहायला काय हरकत आहे?’

माझ्या मोठ्या बहिणीचा किमोचा तिसरा डोस त्याच आठवड्यात झाला होता. मजकूर आमच्या चुलतभावाने पाठवला होता आणि खाली ‘ताई, हे नक्की कर’ असे लिहिले होते. त्याच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु त्या सहा वाक्यांनी आमच्या घरात पुढचे तीन आठवडे जे केले ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्यातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

४० दिवसांच्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळा मजकूर त्याच्या आधारावर उभा आहे. डॉ. कौर यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच समाजमाध्यमावर तसे लिहिले होते. त्यांनी किमोथेरपीही घेतली. पत्रकार परिषदेनंतर दोनच दिवसांत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने २६२ कर्करोगतज्ज्ञांनी निवेदन काढले की दूध व साखर टाळून कर्करोगाला उपाशी मारता येते किंवा हळद आणि कडुनिंबाने तो बरा होतो या विधानांना भक्कम पुरावा नाही, आणि अशा उपायांमागे लागून कोणी उपचार लांबवू नयेत. त्यानंतर खुद्द सिद्धू यांनीही खुलासा केला की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला होता आणि तो उपचाराला पूरक समजावा. हा खुलासा आमच्या गटावर आला नाही. मी विचारले तेव्हा अकरा जणांच्या त्या गटातल्या एकालाही त्याची माहिती नव्हती. एखाद्या रुग्णाने शस्त्रक्रिया, औषधे आणि आहार हे तिन्ही घेतले आणि तो बरा झाला, तर तिसऱ्या गोष्टीला सगळे श्रेय देण्यासाठी पहिल्या दोन गोष्टींशिवाय बरे झालेले रुग्ण दाखवावे लागतात, आणि तसे रुग्ण या मजकुरात एकही नाही.

साखरेचा दावा अधिक काळजीने तपासला पाहिजे, कारण त्याच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे आणि म्हणूनच तो शिकलेल्या माणसांनाही पटतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात. आजची पेट स्कॅनची तपासणी याच गुणधर्मावर चालते : रुग्णाला किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात, आणि जिथे ते जास्त शोषले जाते तो भाग पडद्यावर उजळतो. येथपर्यंत सगळे बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. गाठ ज्या ग्लुकोजवर जगते ते रक्तातले असते, आणि रक्तातल्या ग्लुकोजची पातळी चहातली साखर बंद केल्याने शून्यावर येत नाही, कारण मेंदूला व तांबड्या पेशींना त्याची सतत गरज असते आणि शरीर ती पातळी जिवाच्या आकांताने राखते. पोळी, भात, फळे यांतून ग्लुकोज मिळतेच; तेही थांबवले तर यकृत स्नायूंमधल्या प्रथिनांपासून ते तयार करते. शिवाय कर्करोगाच्या पेशी ग्लुटामाइनसारखी अमिनो आम्ले आणि मेदही इंधन म्हणून वापरू शकतात. थोडक्यात, गाठीला उपाशी ठेवायला जावे तर आधी दंड आणि मांड्या उतरतात.

हे शरीरशास्त्र मला नंतर समजले. आधी मी पाहिली ती शेवयांच्या खिरीची वाटी. तिसऱ्या डोसानंतर ताईचे तोंड आले होते, जिभेच्या कडांना पांढरे चट्टे पडले होते, भाजीचा घास लागला तरी डोळ्यांत पाणी यायचे, आणि गार केलेली खीर व दूध घातलेला गुरगुट्या भात एवढ्या दोनच गोष्टी तिच्या घशाखाली उतरत होत्या. तो मजकूर वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने खिरीची वाटी हाताने बाजूला सारली आणि म्हणाली, “हे मी नाही खात गं, ती गाठ खाते.” पुढच्या डोसाला गेलो तेव्हा तिचे वजन ५२ किलोंवरून ४७ वर आले होते, रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, आणि डॉक्टरांनी डोस एक आठवडा पुढे ढकलला. खिरीला घाबरलेल्या माणसाला जेवायला बसवणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

दुधाबद्दल तर मजकुराकडे एवढाही आधार नाही. उपचार चालू असलेल्या रुग्णाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोंच्या बाईला साठ-पासष्ट ग्रॅमपासून पुढे. पेलाभर दुधात सात-आठ ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. जे घर शाकाहारी आहे आणि जिथे डाळीचा घास तोंडात चुरचुरतो, तिथे दूध, दही, पनीर काढून घेतल्यावर त्या साठ ग्रॅमांची भरपाई कशाने करायची, याचे उत्तर मजकूर देत नाही. ज्यांना दूध पचत नाही किंवा किमोमुळे जुलाब होत आहेत त्यांनी ते काही दिवस थांबवावे, हे वेगळे. तसेच मधुमेह असेल, किंवा किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर चढत असेल, तर गोड मोजूनच खावे लागते. आणि निरोगी माणसाने वजन आटोक्यात ठेवणे हे अनेक प्रकारचे कर्करोग टाळण्यासाठी हिताचे आहेच. या सर्व सल्ल्यांत आणि ‘साखर बंद, कॅन्सर बंद’ या वाक्यात मोठे अंतर आहे.

उपवासाविषयी एवढेच म्हणेन की त्यावर संशोधन चालू आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. ज्याचे वजन आधीच घटते आहे त्याने घरच्या घरी पंधरा-सोळा तास उपाशी राहणे हा त्या संशोधनाचा भाग होत नाही.

आता हळद आणि कडुनिंब. या दोन्हींना आपल्या घरात जे स्थान आहे ते मला कमी करायचे नाही. गुढीपाडव्याला कडुनिंब चावून मी मोठी झाले आहे आणि जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढले आहे. हळदीतले कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारते हे खरे आहे. पण बशीतल्या पेशींवर मीठ किंवा व्हिनेगर ओतले तरी त्या मरतात. प्रश्न असतो तो असा की गिळलेला पदार्थ आतड्यातून रक्तात किती जातो, गाठीपर्यंत किती पोहोचतो, आणि तेवढ्या मात्रेत तो निरोगी पेशींना किती इजा करतो. कुर्क्युमिनची अडचण पहिल्याच पायरीला आहे : ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

‘वनस्पती आहे म्हणून डॉक्टर तिला मानत नाहीत’ हा या दाव्याच्या पोटातला आरोप मात्र साफ खोटा आहे. कुंपणाशी फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही किमोची औषधे मिळाली, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीन आजही दिले जाते. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य असते आणि त्यासाठी कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत त्याची इतकी चोरटी तोड झाली की आता ते शोधावे लागते. हे कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून प्रथम वेगळे केले गेले. मूळ द्रव्य माणसांना देऊन पाहिले तेव्हा त्याने मूत्राशयातून रक्तस्रावासारखे गंभीर त्रास झाले, चाचण्या थांबवाव्या लागल्या, आणि अनेक वर्षे रेणूत बदल करत राहिल्यावर त्यातून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही किमोची औषधे उभी राहिली. झाडात गुण असतो, पण तो गुण औषध होईपर्यंत मात्रा ठरवावी लागते, विषारीपणा मोजावा लागतो आणि शेकडो रुग्णांवर तुलना करून पाहावी लागते. नरक्याचे लाकूड उकळून पिणाऱ्या रुग्णाला इरिनोटेकॅन मिळत नाही. कडुनिंबाच्या पाल्यावर या वाटेने जाऊन कोणी यशस्वी झाले, तर ते औषधही किमोच्याच खुर्चीत बसून, सलाइनमधून किंवा गोळीतून मिळेल, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करीन.

दरम्यानच्या काळात कच्चा पाला हा निरुपद्रवी नाही. किमोच्या डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात रस्त्याकडेच्या झाडाचा, नीट न धुतलेला, वाटून गाळलेला कच्चा रस पोटात गेला तर निरोगी माणूस सहज परतवून लावतो तो जंतुसंसर्ग रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. म्हणूनच अशा दिवसांत १००.४ अंशांचा ताप आला तरी रात्र न काढता रुग्णालय गाठायला सांगतात. हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि किमोची कित्येक औषधे यकृतातूनच निचरतात. आमटी-भाजीतली हळद याला अपवाद आहे, ती निश्चिंतपणे खावी.

खर्चाबद्दलचा मुद्दा मी हलका मानत नाही. उपचारासाठी गावाकडची जमीन गहाण ठेवलेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहून परळला फेऱ्या घालणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांना ‘किमोची गरज नाही’ हे वाक्य किती गोड लागत असेल याची मला कल्पना आहे. पण त्याला उत्तर कडुनिंबात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन समाविष्ट आहेत, तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे, आणि योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करायला योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच आठवड्यात भेटावे. ज्याने मजकूर पुढे पाठवला त्याने त्याऐवजी शिधापत्रिका आणि आधारच्या झेरॉक्स काढून आणल्या असत्या, तर रुग्णाचे खरेच लाखभर रुपये वाचले असते. राहिले ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’. २६२ डॉक्टरांनी निवेदनावर आपली नावे घालून जे सांगायचे ते सांगितले आहे.

‘करून पाहायला काय हरकत आहे’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जो बरा होण्याजोगा होता असा कर्करोग असूनही ज्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले त्यांच्या मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांनी दोन्ही बरोबर घेतले त्यांच्यातही धोका सुमारे दुप्पट दिसला, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी शस्त्रक्रिया, किमो किंवा रेडिएशन यांपैकी काहीतरी नाकारले होते. ‘बरोबरीने करून पाहू’ म्हणता म्हणता एखादा डोस चुकतो, मग दुसरा, आणि हातातला वेळ निघून जातो.

याहून खोल एक इजा आहे आणि तिची नोंद या आकड्यांत होत नाही. आहाराने कर्करोग बरा होतो असे मानले, की ज्याचा बरा झाला नाही त्याने पथ्य पाळले नाही असा अर्थ आपोआप निघतो. पेट स्कॅनचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेली बाई मग मागचे चार महिने आठवत राहते : नातवाच्या बारशाला घेतलेला अर्धा पेढा, पावसात प्यायलेला एक गोड चहा. तिच्या पेशींमध्ये झालेल्या बदलांची जबाबदारी तिच्या ताटावर टाकली जाते, आणि ती टाकणारी माणसे तिची स्वतःची असतात. चौथ्या टप्प्याचा कर्करोग घेऊन आज अनेक जण नव्या औषधांच्या आधाराने वर्षानुवर्षे जगत आहेत, नोकरी करत आहेत, लग्नकार्ये पार पाडत आहेत. काही जण सगळे उपचार वेळेवर घेऊनही गेले. त्यांतल्या कोणाचीही परीक्षा खिरीच्या वाटीवरून घेऊ नये.

ताई पुन्हा खाऊ लागली ती आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्यासमोर बसून, कागदावर यकृत आणि स्नायू काढून, साखरेचा हा सगळा प्रवास तिला समजावून दिल्यावर. तो कागद फाइलमध्ये अजून आहे. चुलतभावाला मी तोच कागद दाखवला, रागावले नाही, आणि त्याला काय करता येईल तेवढे सांगितले. पुढे रेडिएशनच्या पंधरा बैठकी झाल्या, रविवार सोडून रोज, त्यांतल्या बारा दिवशी तो स्वतःची कामे मागे ठेवून तिला घेऊन गेला, बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसला, आणि रोज रात्री गटावर त्याचा एकच मजकूर यायचा : “ताई, उद्या किती वाजता निघायचं?”